‘सुरक्षा’ म्हटलं की प्रश्नाचं खातं बदलतं

रायगडच्या खारेपाटात काम करणाऱ्या एका तरुण गटाने मला त्यांच्या पत्रकाचा मसुदा पाठवलाय. उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांडी (भगदाडं) पडतात, खारं पाणी भातशेतीत शिरतं, आणि एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही धड पिकत नाही, हा त्यांचा विषय. मसुद्याचं शीर्षक आहे : ‘वाढती समुद्रपातळी – राष्ट्रीय सुरक्षेला धोका’. सोबत प्रश्न असा : गटातल्या निम्म्यांना वाटतं की असं म्हटल्याशिवाय ना मंत्रालय ऐकणार ना मुंबई-पुण्याचे वाचक. उरलेल्यांना ते खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. तर हवामान बदलाला सुरक्षेचा प्रश्न म्हणून मांडल्याने चळवळीचा फायदा होतो की तोटा?

बावीस वर्षं मी पर्यावरणाच्या मोहिमांची पत्रकं, प्रेसनोट आणि निवेदनं लिहितोय. ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे उत्तर आधी आणि कारणं नंतर देतो. शीर्षकातून ‘राष्ट्रीय सुरक्षा’ काढा. आत कुठे ‘सुरक्षा’ शब्द ठेवायचाच असेल, तर कोणाची आणि कशापासून, हे त्याच वाक्यात लिहा. आता कारणं.

मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्यासाठी हाणामाऱ्या होतील या भीतीने जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती १४४ कलम लावलं. पाच किंवा अधिक माणसांनी जमायचं नाही. मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली ती पुढच्या महिन्यात, एप्रिलमध्ये. त्या सुमारास मी दोन दिवस तिथे होतो. एका पॉइंटवर रांग होती, पण माणसांची नव्हे, भांड्यांची. हंडे, घागरी, तेलाचे डबे, प्लास्टिकचे कॅन, सगळ्यांच्या कड्यांतून एकच नायलॉनची दोरी ओवलेली, म्हणजे मध्ये कोणी आपलं भांडं घुसवू नये. माणसं लांब, भिंतीच्या सावलीला दोघं-तिघं करून बसलेली. रांगेवर लक्ष ठेवायला एक होमगार्ड उभा होता, आणि दोरीत तिसऱ्या नंबरला जो हंडा होता तो त्याच्या घरचा होता. हे त्यानेच सांगितलं, जरा ओशाळून.

आता बघा, १४४ लागायच्या आधी लातुरात लोक काय विचारत होते? मांजरा धरण कोरडं कसं पडलं, ऊस किती लावला, कारखान्यांना पाणी किती गेलं, शहराची पाइपलाइन इतकी का गळते. ते कलम लागल्यावर बातम्यांतला प्रश्न एकच उरला : दंगल होईल का? पहिले प्रश्न पाटबंधारे खात्याचे, कृषी खात्याचे, नगरविकासाचे. शेवटचा गृहखात्याचा. कलेक्टरांवर टीका करायची म्हणून हे सांगत नाही. कुठे डोकी फुटली असती तर दोष त्यांनाच आला असता. पण सुरक्षेची भाषा आली की प्रश्नाचं खातं बदलतं, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या पत्रकाचंही हेच होईल. सध्या ते खारभूमी विभागाच्या टेबलावर जायला हवं. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ लिहिलंत की ते तिथून उचललं जाणार, आणि जिथे जाऊन पडेल तिथे उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) दुरुस्त करणारं कोणी बसलेलं नसेल.

ही मांडणी आली कुठून, ते थोडक्यात. २००७ हे वर्ष महत्त्वाचं. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अकरा निवृत्त जनरल-अ‍ॅडमिरलांच्या मंडळाने एक अहवाल काढला आणि हवामान बदलाला एक विशेषण चिकटवलं. मराठीत सांगायचं तर ‘आहे त्या धोक्याला गुणणारा’. दुष्काळ एकटा युद्ध घडवत नाही, पण जिथे आधीच तणाव आहे तिथे तो त्याला दुपटी-तिपटीने वाढवतो. त्याच महिन्यात १७ तारखेला ब्रिटनच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामान बदलावर पहिल्यांदा चर्चा झाली. वर्षाअखेरीस हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीला आणि अल गोर यांना नोबेल मिळालं, तेही शांततेचं.

आम्हा कार्यकर्त्यांना याचा आनंद झाला हे मान्य करायला हवं. वर्षानुवर्षं ‘झाडं-पक्षीवाले’ म्हणून ज्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं, ते आता गणवेशातल्या माणसांच्या तोंडून तेच ऐकत होते. एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला व्यासपीठावर बसवलं की सभेला वजन यायचं. मी स्वतः तीन-चार ठिकाणी अशी व्यवस्था केली आहे. अधिकारी सज्जन होते, बोलायचे छान, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी अर्ध्या पानाची यायची. एरवी आमची बातमी ‘संक्षिप्त’मध्ये.

२००८ मध्ये ग्रीनपीस इंडियाने एक अहवाल काढला : उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकात भारत आणि बांगलादेशातले मिळून साडेबारा कोटी लोक विस्थापित होतील. आकडा काढणाऱ्यांचा हेतू उत्सर्जन कमी करण्याचा होता, आणि त्या साडेबारा कोटींत भारताच्या स्वतःच्या किनाऱ्यावरचे कोट्यवधी लोक होते. पण आमच्या सभांतून आणि चर्चांतून त्यातला अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहायचा, तो म्हणजे ‘ते येणार’.

आम्हीही त्याच सुमारास एक पोस्टर केलं. खाली काळं पाणी, वर मुंबईच्या इमारतींची रेघ, आणि मधे डोक्यावर बोचकी घेतलेली, चेहरे नसलेली गर्दी शहराकडे चाललेली. वर लाल अक्षरांत ‘सावध!’. आम्ही त्यावर भलतेच खूश होतो. एका कोळीवाड्यात ते घेऊन गेलो, तेव्हा मासे सुकवायच्या वलांडीखाली बसलेल्या एका म्हातारीने ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि विचारलं, ‘ही गर्दी म्हंजे आमीच ना?’ मी काहीतरी बोललो. ती म्हणाली, ‘मंग सावध कोनाला करतास?’

पोस्टरच्या पाचशे प्रतींपैकी साडेचारशे रद्दीत गेल्या. पण तिने विचारलं तेच या मांडणीचं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे. सुरक्षेच्या वाक्यात दोन जागा रिकाम्या असतात : कोणाला वाचवायचं आणि कोणापासून. पहिली जागा तुम्ही भरता. दुसरी तुमच्या हातात राहत नाही. ‘समुद्रापासून’ असं तुमच्या मनात असतं, पण समुद्राला अडवता येत नाही, अटक करता येत नाही, त्याच्याविरुद्ध कुंपणही घालता येत नाही. म्हणून ती जागा भरायला माणसं शोधली जातात. आधी येतो निर्वासित, मग शेजारचा देश, आणि मग, यायला फार वेळ लागत नाही, मोर्चा काढणारा.

भारताच्या बाबतीत यातली गंमत अशी की आपलं सरकार बाहेर एक बोलतं आणि घरात दुसरं करतं. बाहेरची भूमिका मला पुष्कळशी पटते. २००७ च्या चर्चेतही भारताने सांगितलं होतं की सुरक्षा परिषद ही याची जागा नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये आयर्लंड आणि नायजर यांनी हवामान आणि सुरक्षा यांना जोडणारा ठराव परिषदेत आणला. बारा देश बाजूने होते, चीन तटस्थ राहिला, रशिया आणि भारताने विरोधात मत दिलं, आणि रशियाचं मत व्हेटो असल्याने ठराव पडला. भारताचं म्हणणं असं की हा प्रश्न विकासाचा आणि न्यायाचा आहे. ज्यांनी शतकभर धूर सोडला त्यांची जबाबदारी पॅरिस कराराच्या चौकटीत सगळ्या देशांसमोर ठरावी. पाच कायम सदस्यांच्या खोलीत ती ठरली, तर निधीचा विषय मागे पडेल आणि गरीब देशांत हस्तक्षेप करण्याचा बहाणा पुढे येईल. पाश्चात्त्य संघटनांतल्या माझ्या काही मित्रांना हा निव्वळ अडवणुकीचा डाव वाटला. मला तसं वाटत नाही. सुरक्षेच्या भाषेत ऐतिहासिक जबाबदारी हा शब्द बसतच नाही. धोका ‘सगळ्यांनाच’ असतो, मग तो कोणी तयार केला हे विचारणं असभ्य ठरतं. शिवाय याच भाषेचे मालक असलेल्या लष्करांचं उत्सर्जन १९९७ च्या क्योटो कराराच्या वेळी हिशोबातून मोठ्या प्रमाणात वगळलं गेलं, आणि पॅरिसनंतरही ते कळवायचं की नाही हे देशांच्या मर्जीवर आहे. २०२२ च्या एका अंदाजानुसार जगाच्या उत्सर्जनात सैन्यांचा वाटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे.

पण घरात? चारधाम रस्त्याचं उदाहरण मी कार्यशाळांत नेहमी घेतो, कारण त्यात ही भाषा पर्यावरणवाद्यांच्या हातून निसटून उलट कशी फिरते ते टप्प्याटप्प्याने दिसतं. उत्तराखंडातला हा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रकल्प सुरुवातीला यात्रेकरूंसाठी म्हणून जाहीर झाला. शंभर किलोमीटरपेक्षा लांब रस्त्याला पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास लागतो, म्हणून त्याचे ५३ तुकडे केले गेले. डेहराडूनच्या नागरिकांचा गट कोर्टात गेला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डांबरी रस्त्याची रुंदी साडेपाच मीटरच ठेवा असं सांगितलं, कारण डोंगर कापला की दरडी येतात. त्यानंतर संरक्षण मंत्रालय पुढे आलं : चीनच्या सीमेवर तोफा आणि क्षेपणास्त्रं न्यायची तर दहा मीटर हवेत. १४ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने ते मान्य केलं. लष्कराच्या गरजा काय असाव्यात हे न्यायालय ठरवू शकत नाही, असा त्याचा सूर होता. म्हणजे सुरक्षा परिषदेत भारताने ‘हा सुरक्षेचा प्रश्न नाही’ असं मत दिलं १३ डिसेंबरला, आणि दिल्लीत सुरक्षेच्या मुद्द्यावर डोंगराचा निकाल लागला १४ ला. योगायोगच, पण शिकवायला फार सोयीचा.

लक्षात घ्या, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत चमोलीत ऋषिगंगेला पूर येऊन दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली होती. याचिकेच्या बाजूने हेही मांडलं गेलं होतं की दरड कोसळून बंद झालेल्या रस्त्यावरून तोफा जाणार कशा? सुरक्षेच्याच भाषेतला, बिनतोड युक्तिवाद. चालला नाही. कारण त्या भाषेत कोणाचं बोलणं अधिकृत धरायचं हे आधीच ठरलेलं असतं. भूगर्भशास्त्रज्ञ तिथे पाहुणा असतो. न्यायालयानेच या प्रकल्पासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रवी चोप्रा यांनी २०२२ च्या सुरुवातीला राजीनामा दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्रकल्पातला सिलक्यारा बोगदा कोसळला आणि ४१ मजूर सतरा दिवस आत अडकले. मधल्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, वनसंवर्धन कायदा बदलून सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या ‘सामरिक’ रेषीय प्रकल्पांना वनमंजुरीतून सूट मिळाली. नकाशावर कर्कटक घेऊन शंभर किलोमीटर मोजून बघा, ईशान्येतली काही राज्यं जवळपास पूर्ण आत येतात.

आता माणसांकडे येतो, म्हणजे ‘कोणापासून’ या जागी कार्यकर्ता कसा बसतो ते.

जून २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा एक अहवाल फुटला. त्यात परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाच्या विकासदराला दरवर्षी दोन ते तीन टक्क्यांचा फटका बसतो असं म्हटलं होतं, आणि ग्रीनपीसला राष्ट्राच्या आर्थिक सुरक्षेला धोका ठरवलं होतं. ‘आर्थिक सुरक्षा’ हा जोडशब्द नीट बघा. कोळशाची खाण अडवणं हा मतभेद राहिला नाही, घातपात झाला. पुढच्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या महानच्या जंगलाविषयी ब्रिटिश खासदारांशी बोलायला निघालेल्या ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लै यांना दिल्ली विमानतळावर विमानात चढण्याआधीच रोखलं. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. जुलै २०२० मध्ये काही मुलामुलींनी पर्यावरणीय मंजुरीच्या नव्या मसुद्याविरोधात तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्याकडे ईमेलचा ढीग पाठवला, तर त्यांची वेबसाइट बंद झाली आणि नोटीस आली ती दहशतवादविरोधी यूएपीएची. नंतर पोलिसांनी सांगितलं, कलम चुकून पडलं. असेलही. पण चुकून मोटार वाहन कायद्याचं कलम पडत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळुरूची तरुण हवामान कार्यकर्ती दिशा रवी पकडली गेली, शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणाऱ्या एका गूगल डॉकवरून, ज्याला ‘टूलकिट’ म्हटलं गेलं, आणि कलम होतं राजद्रोहाचं. त्याच प्रकरणात मुंबईतली एक वकील आणि बीडचा एक अभियंता यांना मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. दोघांना काही दिवसांचा जामीन मिळाला. बीडमध्ये तेव्हा लोक एकमेकांना विचारत होते, ‘टूलकिट म्हणजे नेमकं काय असतं?’ पाना-पक्कड? दहा दिवसांनी दिशाला जामीन देताना न्यायाधीश धर्मेंद्र राणा यांनी म्हटलं की लोकशाहीत नागरिक हे सरकारच्या सदसद्विवेकाचे राखणदार असतात, धोरणाशी मतभेद आहेत म्हणून त्यांना तुरुंगात टाकता येत नाही. तो आदेश मी छापून ठेवलाय, वाचण्यासारखा आहे.

पण ज्यांना वाटतं की ‘आपणच देशभक्तीची भाषा बोललो तर वाचू’, त्यांनी लडाखकडे बघावं. तिथले शिक्षणतज्ज्ञ आणि पर्यावरण कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी २०२० मध्ये लडाख सीमेवर चीनशी तणाव असताना देशभर आवाहन केलं : चिनी माल टाका. २०२१ मध्ये सैनिकांसाठी सौरऊर्जेने गरम राहणारा तंबू बनवून दाखवला. हिमनद्या आणि घटनेच्या सहाव्या परिशिष्टासाठी (आदिवासी भागांना स्वशासन देणारी तरतूद) २०२४ च्या मार्चमध्ये २१ दिवस उपोषण केलं तेव्हाही सीमा आणि मेंढपाळांची गेलेली कुरणं यांवर ते बोलत होते. याहून सुरक्षेच्या चौकटीत बसणारा पर्यावरणवादी शोधून सापडणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लेहमधलं आंदोलन चिघळलं, चार माणसं गेली, आणि वांगचुक यांना स्थानबद्ध करून जोधपूरला नेण्यात आलं. कायदा कोणता, तर राष्ट्रीय सुरक्षा कायदा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१५ मध्ये पॅरिसला हवामान परिषद भरायच्या आधी दोन आठवडे तिथे दहशतवादी हल्ले झाले. आणीबाणी लागली, हवामान मोर्चावर बंदी आली. दोन डझन कार्यकर्ते नजरकैदेत गेले. हल्ल्यांशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता, पण अधिकार हाताशी होते. परिषद मात्र ठरल्याप्रमाणे भरली. लोकांनी मग मोर्चाच्या जागी, प्लास द ला रेपुब्लिकवर, हजारो जोडे मांडून ठेवले. पोप फ्रान्सिस यांनीही एक जोड पाठवला होता. ब्रिटनमध्ये २०२० साली दहशतवादविरोधी पोलिसांच्या एका पुस्तिकेत ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या हवामान आंदोलनाचं नाव नवनाझींच्या पंगतीत निघालं; बोंब झाल्यावर पुस्तिका मागे घेतली. २०२४ मध्ये महामार्ग अडवायची आखणी एका झूम कॉलवर केली म्हणून पाच जणांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या, ज्या अपिलात थोड्या कमी झाल्या.

तुमच्या गटातली जी मंडळी ही भाषा वापरा म्हणतात, त्यांच्या बाजूचं एक उदाहरण मात्र खरोखर भक्कम आहे, आणि ते मला टाळता येणार नाही. ते प्रशांत महासागरातल्या बेटांचं. त्यांनीच २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हवामान आणि सुरक्षेवरचा ठराव मंजूर करून घेतला. २०१८ मध्ये नाउरूला जमून त्यांनी जाहीर केलं की प्रशांतातल्या लोकांच्या उपजीविकेला, सुरक्षेला आणि सुखाला सगळ्यात मोठा धोका हवामान बदलाचाच आहे. मग तिथे ही भाषा का चालते? कारण बोलणारा आणि बुडणारा एकच आहे. शिवाय या वाक्यात सुरक्षा एकटी येत नाही, उपजीविका तिच्या आधी येते. आणि त्या बेटांवरच्या तरुणांनी बाहेरच्यांनी लावलेला ‘बिचारे निर्वासित’ हा शिक्काही नाकारला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते स्वतः बनवलेल्या होड्या घेऊन ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला गेले आणि कोळशाच्या बंदराच्या तोंडाशी जहाजांच्या आडवे आले. घोषणा होती : आम्ही बुडत नाही, आम्ही लढतोय. होड्या लहान, जहाजं अजस्र. फोटोत कोणाला कोणापासून धोका आहे हे सांगायला मजकूर लागत नव्हता.

मन वळवण्याचं म्हणाल तर, २०१२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना हवामान बदलाची एकच माहिती तीन तऱ्हांनी वाचायला दिली : पर्यावरण, आरोग्य, राष्ट्रीय सुरक्षा. आरोग्याच्या मांडणीने आशा वाटली. सुरक्षेच्या मांडणीने, ज्यांचा विषयावर आधीच विश्वास नव्हता त्यांच्यात उलट राग वाढल्यासारखा दिसला. ज्यांना वळवायला ही भाषा आणली तेच भडकले! माझा अनुभवही याच्या जवळपास जातो.

मराठीत तर आणखी एक अडचण. इंग्रजीतल्या ‘क्लायमेट इमर्जन्सी’चं ‘हवामान आणीबाणी’ असं भाषांतर करून काही गटांनी फलक केले होते. आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की साठीच्या पुढच्या माणसाला २५ जून १९७५ आठवतो, येरवडा आठवतं. ‘आणीबाणी जाहीर करा’ अशी मागणी घेऊन तुम्ही कोणाकडे जाणार? आणि ‘युद्धपातळीवर’ या शब्दात काही दमच उरलेला नाही. आपल्याकडे खड्डेसुद्धा युद्धपातळीवरच बुजवतात.

उलट ‘अन्नसुरक्षा’ बघा. शब्द तोच, सुरक्षा. पण २०१३ च्या कायद्याने त्याच्याशी किलो आणि रुपये जोडले, तेव्हापासून गावात अन्नसुरक्षा म्हणजे रेशन कार्डावरचा शिक्का. आमचं नाव यादीत का नाही, म्हणून बायका तहसीलला जाऊन भांडतात. सुरक्षा म्हणजे मागायची वस्तू झाली. या राज्याने हे त्याच्याही फार आधी करून दाखवलंय. १९७२ चा दुष्काळ सरकारला निव्वळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून हाताळता आला असता. भुकेल्या लोकांचे मोर्चे निघतच होते. पण मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खात होती, आणि वि. स. पागे यांच्या खटपटीतून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कायद्याच्या नावातला शब्द ‘हमी’ आहे. तुमच्या पत्रकासाठी मी हाच शब्द सुचवेन.

व्यवहाराचं बोलू. राज्यात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठीच ते आहे असं सरकारचं म्हणणं आहे. आंदोलनं करणाऱ्या अनेक संघटनांना ते पटलेलं नाही. तुमची सभा भरली की गोपनीय शाखेचा हवालदार येणारच, मागच्या खुर्चीवर बसून नावं लिहून घेणारच. त्याला चहा द्या, पत्रक द्या. सभेच्या आदल्या दिवशी पोलिसांची, गुन्हा घडू नये म्हणून देतात ती, पूर्वीच्या कलम १४९ ची, आता १६८ ची नोटीस आली तर घाबरू नका. सही करून घ्या, तारीख-वेळ टाका, प्रत ठेवा. माझ्याकडे अशा नोटिसांची एक फाइल आहे. एकदा एका तालुक्यात बॅनरवरच्या ‘पाण्यासाठी युद्ध’ या शब्दांवरून आमची परवानगी अडली होती. मी तो बदलून ‘पाण्याचा हिशोब द्या’ केला. परवानगी मिळाली, आणि गंमत म्हणजे पाटबंधाऱ्याचे उपअभियंता स्वतः सभेला आले, हिशोबाची वही घेऊन. तेव्हापासून मी युद्ध हा शब्द वापरलेला नाही. भीतीपोटी नव्हे, दुसऱ्या शब्दाने माणूस हजर झाला म्हणून.

तेव्हा शीर्षक असं काहीतरी करा : ‘खांड बुजवायची हमी कोण देणार?’ खाली पहिल्या परिच्छेदात गावांची नावं, कुठल्या उधाणाला कुठे बांध फुटला, किती एकर खारं झालं, बाहेरकाठ्याची उंची किती आहे आणि पाणी कुठवर चढलं. हे सगळं गावातल्या लोकांच्या तोंडचं, त्यांनीच मोजलेलं. समुद्रपातळीचा जागतिक आकडा दुसऱ्या पानावर जाऊ द्या. मुंबईला धोका, रिफायनरीला धोका, बंदराला धोका ही वाक्यं काढून टाका. ती ज्यांच्या कामाची आहेत ते तुमच्या शेताभोवती बांध घालायला येणार नाहीत, त्यांच्या बंदराभोवती घालतील, आणि मग ते पाणी कुठे वळेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. निवृत्त अधिकारी सभेला येतो म्हणत असतील तर जरूर बोलवा, फक्त त्यांच्या आधी ज्या बाईचं शेत गेलंय तिला बोलू द्या. क्रम उलटा झाला की ती फक्त उदाहरण होऊन बसते.

आणि मसुद्यात तुम्ही उघाडीचा जो फोटो टाकलाय तो ओहोटीचा आहे. ओहोटीला सगळ्याच उघाड्या ठीक दिसतात. पुढच्या अमावास्येच्या भरतीला जाऊन, बाजूच्या खांबावर पट्टी धरून, परत काढा.